मोजपट्टीतला मासा

दोस्तांनो, आधी एक कोडं घालतो.

एका नदीत मासे धरायला परवानगी आहे. तुम्ही गळ टाकला, मासा लागला, होडीत घेतला. आता पट्टी काढायची आणि तो मोजायचा. २८ इंचांपेक्षा लहान भरला तर परत पाण्यात. ठीक आहे, पिल्लू आहे बिचारं, वाढू दे. पण ३३ इंचांपेक्षा मोठा भरला तरीही परत पाण्यात! घरी न्यायचा तो फक्त मधला, म्हणजे साधारण ७१ ते ८४ सेंटिमीटरमधला. आणि तोही माणशी दिवसाला एकच.

लहानाला का सोडायचं ते पहिलीतलं पोरही सांगेल. पण मोठ्याला का? एवढा घसघशीत मासा, फोटो काढून शाळेत दाखवण्यासारखा, आणि तो सोडून द्यायचा?

उत्तर येत असेल तर ओरडू नका, शेजारच्याला विचार करू द्या. तोवर आपण त्या नदीवरच जाऊ या.

नदीचं नाव कलूसाहॅची. जीभ वळत नसेल तर तीनदा मोठ्यानं म्हणा, जमेल. अमेरिकेचा नकाशा उघडा. खाली उजव्या कोपऱ्यात समुद्रात घुसलेलं शेपूट दिसतं ना, ते फ्लोरिडा. त्या शेपटाच्या पश्चिमेकडच्या अंगाला, मेक्सिकोच्या आखाताला ही नदी मिळते. तिच्या काठावर फोर्ट मायर्स नावाचं शहर आहे. अक्षांश पाहिला तर जवळजवळ आपल्या जयपूरचाच! पण वाळवंटाचं नाव नको. इथं दमट हवा, ताडामाडाची झाडं आणि कोमट पाणी.

नदीचा शेवटचा भाग म्हणजे आपली कोकणातली खाडीच म्हणा ना. भरती आली की समुद्राचं खारं पाणी आत शिरतं, ओहोटीला नदीचं गोडं पाणी बाहेर जातं, आणि दोन्ही मिळून मचूळ पाणी तयार होतं. काठाला खारफुटी आहे. तिची मुळं कोळ्याच्या पायांसारखी पाण्यात रोवलेली असतात आणि त्या मुळांना कालवं चिकटलेली असतात. ही मुळं लक्षात ठेवा, पुढं त्यांच्यामुळं मोठा घोटाळा होणार आहे.

कलूसाहॅची म्हणजे कलूसा लोकांची नदी. हे कलूसा इथले जुने रहिवासी. राजा, दरबार, मोठाली गावं असं सगळं त्यांच्याकडं होतं, आणि गंमत म्हणजे शेती जवळजवळ नव्हतीच! सगळा कारभार मासळीवर. त्यांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे डोंगर आजही तिथं पाहायला मिळतात. पुढं १८८५ साली याच काठावर एक माणूस आला आणि जागेच्या इतका प्रेमात पडला, की त्यानं ती विकतच घेतली. कोण म्हणाल? विजेच्या दिव्यावाले एडिसनसाहेब! दर हिवाळ्यात राहायला म्हणून त्यांनी तिथं घर बांधलं. १९१६ मध्ये शेजारचं घर मोटारवाल्या हेन्री फोर्डनी घेतलं. काय शेजार असेल, नाही?

बरं, चला आता होडीत.

एप्रिल संपत आलाय. पहाट आहे, ओहोटी नुकतीच सुरू झालीय. होडी सपाट बुडाची, गुडघाभर पाण्यातही चालणारी. तुम्ही नाकाडावर उभे आहात आणि मागं लांब काठीनं होडी ढकलत वाटाड्या उभा आहे. तिथं अशा वाटाड्याला कॅप्टन म्हणतात. आपण कॅप्टनकाका म्हणू. कॅप्टनकाकांची पहिली सूचना, पाय आपटायचे नाहीत. होडीचं बूड म्हणजे ढोल. तुम्ही वर आपटलात की खाली सगळ्या माशांना वर्दी गेलीच.

तुमच्यापैकी कोकणातल्यांनी गरवायला जाणं पाहिलं असेल. गरीला कोळंबी नाहीतर माशाचा तुकडा लावायचा, पाण्यात सोडायचा आणि वाट बघत बसायचं. इथं मात्र आमिषाचा वासही नाही. कॅप्टनकाका डबा उघडतात तर आत नकली मासोळ्या! काही लाकडाच्या, काही प्लॅस्टिकच्या, काही मऊ रबराच्या. एकीच्या पोटात छऱ्यांचा खुळखुळा आहे. एकीची शेपटी वल्ह्यासारखी चपटी आहे, ओढली की फडफडते. एक तर हुबेहूब कोळंबी, मिशांसकट!

यातल्या कुठल्याही मासोळीला स्वतःहून पोहता येत नाही. तिला जिवंत करायचं ते तुमच्या मनगटानं. मासोळी लांब फेकायची, मग दांडीच्या टोकाला हलका झटका, क्षणभर ढील, पुन्हा झटका, पुन्हा ढील. असं केलं की ती पाण्यावर डावीकडं, उजवीकडं अशी लटपटत येते. जखमी बोय मासा असाच पोहतो. आणि जखमी मासा म्हणजे शिकाऱ्याच्या दृष्टीनं फुकटचा नाश्ता. माशाला अंगाच्या दोन्ही बाजूंनी एक रेघ असते, तिच्यातून त्याला पाण्यातली बारीकशी थरथरही कळते. म्हणून नुसता रंग छान असून भागत नाही, मासोळीची थरथर पटली पाहिजे.

आता ती फेकायची कुठं? नदी एवढी रुंद! इथं आपल्या पहिल्या माशाची ओळख करून घेतलीच पाहिजे.

त्याचं नाव स्नूक. अंग पिवळसर चंदेरी, खालचा जबडा पुढं आलेला, आणि बाजूची ती रेघ काळीभोर, अगदी शेपटीच्या टोकापर्यंत ओढलेली, जणू कुणी पट्टी धरून पेनानं आखलीय. स्वभावानं हा पक्का दबा धरणारा. वाहत्या पाण्यात उगाच पोहून दमायचं नाही, हे याचं सूत्र. खारफुटीच्या मुळांआड, पुलाच्या खांबाआड, धक्क्याखाली, जिथं प्रवाह अडतो तिथं हा तोंड प्रवाहाकडं करून उभा राहतो. ओहोटीबरोबर बोय, कोळंब्या वाहत खाली येतात. जवळ आल्या की हा तोंड एकदम उघडतो. तोंडात पोकळी झाली की पाणी आत धावतं आणि पाण्याबरोबर भक्ष्यही. चावणं नाही, पकडणं नाही, सरळ ओढून घेणं! त्याचा 'फट्' असा आवाज काठावरसुद्धा ऐकू येतो.

म्हणजे मासोळी टाकायची ती मुळांना अगदी लगटून, प्रवाहाच्या वरच्या अंगाला. मग ती वाहत स्नूकच्या दारावरून जायला हवी. खाल्लेली भाकर जशी आपण उलटी बाहेरून तोंडात येताना पाहत नाही, तसा बोय कधी प्रवाहाविरुद्ध शिकाऱ्याच्या तोंडाकडं चालून येत नाही. तशी मासोळी आली तर स्नूकला संशय येतो.

तुम्ही फेकता. पहिली मासोळी झाडावर. (हसू नका, सगळ्यांची जाते.) दुसरी चार हात अलीकडं. तिसरी मात्र फांदीखालून सरकत अगदी मुळांपाशी पडते. एक झटका. ढील. दुसरा झटका. ढील आणि... फट्!

दांडी वाकली! रीळ किरकिरायला लागलं. रिळाला ब्रेक असतो. मासा फार जोरात ओढायला लागला की दोरा थोडा थोडा सुटत जातो, म्हणजे तो तुटत नाही. पण पहिल्या दोन-तीन सेकंदांत फार ढील देऊन चालत नाही. कारण स्नूकला घरी जायचंय, मुळांत! तिथल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, दोरा घासला की संपलं. शिवाय स्नूकच्या स्वतःच्या कल्ल्यांवरच्या झाकणाची कडाही सुरीसारखी धारदार. म्हणूनच दोऱ्याच्या टोकाला हातभर जाड तंगूस बांधलेला असतो. नवख्या माणसाचं बोट त्या झाकणात गेलं तर पट्टीच बांधावी लागते.

तुम्ही ओढून धरता, कॅप्टनकाका होडी मोकळ्या पाण्याकडं ढकलतात. मासा एकदा पाण्याबाहेर डोकं काढून ते रागानं झटकतो. मग दमतो. हात ओले करून त्याचा खालचा जबडा धरायचा, दुसरा हात पोटाखाली. स्नूकचे दात बारीक असतात, हाताला फक्त पॉलिश पेपरसारखं खरखरतं. कोरड्या हातानं मात्र धरायचं नाही, अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि तोच त्याचं रोगांपासून रक्षण करतो.

पट्टी! तोंड मिटलेलं, शेपटीची टोकं जुळवलेली. ३७ इंच. म्हणजे ९४ सेंटिमीटर.

तुमचा चेहरा फुलतो आणि लगेच पडतो. कारण नियम आठवतो.

आता कोड्याचं उत्तर. स्नूकची सगळी पिल्लं मोठी होताना आधी नर होतात. हो, सगळी! पुढं काही वर्षांनी, अंगानं वाढल्यावर, त्यांच्यातले बरेचसे चक्क मादी होतात. त्यामुळं ३३ इंचांच्या वरचा स्नूक म्हणजे बहुतेक वेळा आईच. माशांमध्ये आई जितकी मोठी तितकी अंडी जास्त. अशी एक मोठी मादी उन्हाळ्यात नदीच्या मुखाशी जाऊन लाखो अंडी घालते. तिला ताटात वाढलं तर त्या सगळ्यावर पाणी! आणि २८ इंचांखालचे? ते उद्याच्या आया. म्हणून न्यायचा तो मधला.

मला विचाराल तर नुसती किमान लांबी ठरवणारा नियम अर्धाच आहे. त्यानं सगळ्यांचा रोख मोठ्या माशांवर जातो. वरची हद्द घालायची कल्पना ज्याला सुचली त्याला मासा खरा कळला होता.

पण हा नियम असतानाही एकदा फार वाईट वेळ आली. ती गोष्ट २०१० च्या जानेवारीतली.

स्नूक हा उष्ण पाण्याचा जीव. पाणी १५ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की तो खाणं सोडतो, आणि १० अंशांच्या आसपास गेलं की मरायला लागतो. आता तुम्ही म्हणाल, जयपूरच्या अक्षांशावर, समुद्राकाठी एवढी थंडी कशी? नकाशा पुन्हा उघडा. आपल्या डोक्यावर हिमालयाची भिंत आहे, ती सैबेरियाची थंडी अडवते. अमेरिकेत उत्तर-दक्षिण वाटेवर अशी आडवी भिंतच नाही! उत्तर ध्रुवाकडचा वारा सुटला की सरळ फ्लोरिडापर्यंत येतो. बहुतेक वेळा तो दोन-तीन दिवसांत जातो. त्या जानेवारीत तो हललाच नाही. जवळजवळ दोन आठवडे थंडी टिकली. पाणी गारठत गेलं आणि स्नूक काठाकाठानं पांढरी पोटं वर करून तरंगायला लागले. मोठे, लहान, मधले, सगळे. थंडीला पट्टी लावता येत नाही.

काही स्नूक वाचले ते ऊब शोधून. झऱ्यांचं पाणी, खोल डोह, असं कुठंही. फोर्ट मायर्सजवळ ऑरेंज नावाची छोटी नदी कलूसाहॅचीला मिळते. तिथं वीज केंद्राचं कोमट पाणी बाहेर पडतं. हिवाळ्यात तिथं मॅनटी नावाच्या समुद्रगायी गोळा होतात. म्हशीएवढं अंग, मिशाळ तोंड, आणि स्वभाव असा की मुंगीलाही दुखवणार नाहीत. थंडीत त्याही मरतात, त्या वर्षी खूप मेल्या.

मग सरकारनं काय केलं? पट्टी गुंडाळून ठेवली! स्नूक घरी न्यायचाच नाही, लहान नाही, मोठा नाही, मधलाही नाही. फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर त्याच वर्षी सप्टेंबरात बंदी उठली. आखाताच्या बाजूला, म्हणजे आपल्या नदीवर, ती उठायला २०१३ चा सप्टेंबर उजाडला. साडेतीन वर्षं! गरवायला बंदी नव्हती, पण लागलेला प्रत्येक मासा सोडायचा. लोकांनी कुरकुर केली असेलच. पण मासे परत आले. पुढं २०१८ मध्ये समुद्रात विषारी शैवालाची 'लाल भरती' आली, ढिगांनी मासे मेले, आणि इथं पुन्हा काही काळ तोच उपाय करावा लागला.

इथं एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल, निदान आईच्या मनात तरी नक्की आला असेल. सोडायचाच तर मुळात धरायचा कशाला? माशाला इजा होत नाही का? होते. गळ टोचतो, मासा दमतो. नीट हाताळून सोडलेले बहुतेक स्नूक जगतात असं फ्लोरिडाच्या शास्त्रज्ञांनी तपासून पाहिलंय. बहुतेक, सगळे नाही. म्हणून चांगले लोक गळाचा उलटा काटा पकडीनं चेपून टाकतात, म्हणजे तो पटकन निघतो. मासा पाण्याबाहेर धरायचा तो तुम्ही स्वतः श्वास रोखू शकाल तेवढाच वेळ, असाही एक हिशोब आहे. मला तो आवडतो. करून पाहा, कळेल किती कमी वेळ असतो ते.

आणि आपल्याकडचं काय? अलिबाग-पेणकडच्या मुलांनी केव्हाच ओळखलं असेल, हे सगळं वर्णन जिताड्यासारखं आहे! बरोबर आहे. शास्त्रज्ञांनी पूर्वी स्नूक आणि जिताडा एकाच कुळात घातले होते, नंतर वेगळे केले. जिताडाही मचूळ पाण्यातला, खारफुटीतला, दबा धरणारा. आणि जिताडाही आधी नर, मोठा झाल्यावर मादी! रायगडात कितीतरी गावांच्या तळ्यांत जिताडे वाढवतात. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली. वरची हद्द मात्र आपल्याकडं अजून ऐकिवात नाही. पुढच्या वेळी बाबांनी हातभर जिताडा आणला आणि पोटात गाबोळी निघाली, तर ती कुणाची ते तुम्हाला माहीत आहे.

अरे, पण होडीत आपला ३७ इंची मासा तसाच राहिला की! नाही, तो मघाशीच गेला. तुम्ही त्याला पाण्यात धरून तोंड प्रवाहाकडं केलं, कल्ले उघडमीट झाले, शेपटीचा एक फटकारा बसला आणि तुमच्या तोंडावर पाणी उडालं. आभार मानायची ही त्याची पद्धत.

आता कॅप्टनकाका हात वर करून गप्प राहायची खूण करतात. समोर नदीच्या मध्यावर एक चांदीचं चाक पाण्याबाहेर फिरून आत गेलं. मग दुसरं. तिसरं.

टारपन!

मासे हवेवर कशाला येतील? श्वास घ्यायला! टारपनच्या पोटातली हवेची पिशवी फुप्फुसासारखं काम करते. पाण्यात प्राणवायू कमी असला तरी वर येऊन तो हवा गिळतो. याचा फायदा पिल्लांना सर्वांत जास्त होतो. ती काळपट, साचलेल्या, वास मारणाऱ्या डबक्यांत वाढतात. तिथं त्यांना खाणारे मोठे मासे गुदमरतील, म्हणून फिरकतच नाहीत. वासाची डबकी ही त्यांची बालवाडी! माणसाला मात्र अशी डबकी बुजवून बंगले बांधायची हौस.

टारपन वाढतो सावकाश आणि जगतो भरपूर. शिकागोच्या शेड मत्स्यालयात १९३५ मध्ये आणलेला एक टारपन १९९८ पर्यंत तिथं होता. तुमच्या आजोबांनी लहानपणी पाहिला असता तर तुमच्या बाबांनाही दाखवता आला असता! खवला तळहाताएवढा. टेक्सासमधल्या एका जुन्या हॉटेलच्या भिंतीवर असे हजारो खवले ठोकलेत, प्रत्येकावर तो पकडणाऱ्याची सही. त्यात एक सही अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची, १९३७ सालची. आणि दांडी-रिळानं धरलेला पहिला टारपन म्हणून जो ओळखला जातो, तो याच नदीच्या मुखाजवळ सॅनिबेल बेटापाशी, १८८५ च्या मार्चमध्ये. न्यूयॉर्कच्या डब्ल्यू. एच. वुड यांचा. वजन ९३ पौंड, म्हणजे सुमारे ४२ किलो. टारपनच्या मानानं तसा मध्यमच. विक्रम १३० किलोंच्या आसपास आहे, पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊमधला, २००३ सालचा.

खायला हा काटेरी आणि बेचव, त्यामुळं घरी नेण्यात तसाही अर्थ नाही. २०१३ पासून फ्लोरिडात टारपन सोडूनच द्यावा लागतो. ४० इंचांवरचा तर पाण्याबाहेर उचलायचाही नाही, एवढ्या वजनाचं अंग हवेत लोंबकळलं तर आतून दुखावतं.

कॅप्टनकाका तुमच्या हातात जाड दांडी देतात. टोकाला वल्ह्यासारख्या शेपटीची रबरी मासोळी. "त्याच्या पुढं टाक. अंगावर नको." तुम्ही टाकता. सावकाश ओढता. दोरा अचानक जड होतो, जणू नदीच्या तळाला अडकला.

आणि तळ उडी मारतो!

तुमच्याहून लांब मासा, पाण्याच्या वर, पुरुषभर उंच, सगळे खवले खडखडतायत. कॅप्टनकाका ओरडतात, "मुजरा कर! मुजरा!"

टारपनला तिथं रुपेरी राजा म्हणतात आणि राजानं उडी मारली की मुजरा करायचाच. कमरेत वाकायचं, दांडी त्याच्याकडं झुकवायची, दोरा सैल सोडायचा. यात आदर आहेच, पण खरं कारण विज्ञानाचं. पाण्यात असताना पाणी त्याचे हिसके थोपवतं. हवेत थोपवायला काहीच नाही. अशा वेळी दोरा ताणलेला राहिला तर एका हिसक्यात तुटतो, नाहीतर गळ उपटतो. त्याचं तोंड आतून हाडासारखं टणक, गळ आधीच जेमतेम टोचलेला असतो.

पहिली उडी, मुजरा. दुसरी उडी, मुजरा. हात थरथरतायत. कॅप्टनकाका पाण्यावर नजर फिरवतायत, कारण दमलेल्या टारपनच्या मागं शार्क येतात. आडवा पंख दिसला तर त्यांच्या हातातला चाकू दोऱ्यावर चालणार, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. जिवानिशी लढायला राजाला मोकळं तोंड हवं.

तिसरी उडी. या वेळी तुम्ही बघतच राहिलात. वाकायला क्षणभर उशीर झाला.

रबरी मासोळी हवेतून तुमच्याकडं परत आली आणि होडीच्या कडेवर टप्पकन आपटली. शेपटी तुटली होती, गळ थोडा सरळ झाला होता. कॅप्टनकाकांनी ती उचलून पाहिली, हसले आणि तुमच्या खिशात घातली.

पन्नास-साठ हातांवर एक चांदीचं चाक वर आलं, हवा गिळली आणि खाली गेलं.